जुन्या पुस्तकांतल्या हाताने लिहिलेल्या नोंदी मुलांना वाचायला कशा शिकवाव्यात?

शाळेच्या कपाटात जुनी मराठी पुस्तकं निघालीत, पहिल्या कोऱ्या पानावर आणि समासात शाईने बरंच लिहिलेलं आहे, नववीच्या मुलांना त्यातलं काही लागत नाही, तर आधी मोडी लिपी शिकवू का, असं तुम्ही विचारलंय. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शिकवतो. माझा सल्ला, मोडी नंतर. आधी किंमत वाचायला शिकवा.

पहिल्या पानावर काय असणार हे ठरलेलं असतं: मालकाचं नाव, गाव, तारीख, किंमत. काय लिहिलं असेल याचा अंदाज असला की अक्षर निम्मं सुटतं. माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी ‘१॥=’ असं निघालं. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, बरोबर किती, ते लिवलंच नाही की वो!’’ त्याचं काय चुकलं? दोन आडव्या रेघा म्हणजे दोन आणे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एक उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे; दोन म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. म्हणजे ते पुस्तक एक रुपया दहा आण्यांचं. रुपयाचे सोळा आणे हे फळ्यावर लिहून ठेवा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून आण्यातली किंमत दिसली की नोंद बहुधा त्याआधीची, हे मुलं स्वतःच काढतात.

इथे एक फसगत हमखास होते. तीच ॥ खूण अक्षरापुढे आली की अर्धा रुपया नसते, शब्द तोडल्याची खूण असते. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘शु॥’ म्हणजे शुद्ध पक्ष. आकड्यापुढे आहे की अक्षरापुढे, एवढंच बघायला लावा. ‘रा. रा.’ (राजमान्य राजश्री), ‘चि.’ (चिरंजीव), ‘सा. न.’ (साष्टांग नमस्कार), ‘वि. वि.’ (विनंती विशेष) ही मंडळी एकदा पाठ झाली की पत्रासारख्या नोंदी पटापट सुटतात. साल शके असेल तर इसवी सन काढायला चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. शके १८४६ चा मार्गशीर्ष निघाला तर १९२४, आपल्या बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते साल. असा आकडा निघाला की वर्ग आपोआप गप्प बसतो.

मग जुनं शुद्धलेखन. ‘गांव’, ‘नांव’, ‘केलें’ यांवरचे टिंब मुलांना शाईचे डाग वाटतात. १९६२ च्या नियमांनंतर ते लिहायचे बंद झाले, हे सांगा. ‘बेळगांव, मुंबई इलाखा’ असा शिक्का दिसला की प्रश्न येणारच. १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, एवढं सांगून पुढे जा, नाहीतर तास त्यातच जातो. एखादी नोंद कानडी लिपीत असली तर कानडीच्या सरांना बोलवा. आपली मुलं दोन्ही लिप्या वाचतात, त्याचा मोठा फायदा आहे.

मोडीला यानंतर हात घाला. संगणकावरची मोडी बघून शिकवू नका, ती अक्षरं सुटी आणि शहाणी असतात. माणसाच्या हातची मोडी धावते: आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, शक्यतो हात न उचलता, शब्दांत जागा न सोडता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. म्हणून मुलांना बोरू द्या आणि तीच ओळ तशीच गिरवायला लावा. डोळ्यांना न सुटलेलं वळण हाताला सापडतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

नियम मात्र कडक ठेवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब, अंदाज कंसात. हुशार मुलंच जास्त ठोकून देतात. पुस्तक प्रत्यक्ष हाताळू देऊ नका, मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. पुसट पेन्सिल असेल तर खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च धरा, दाबाच्या खाचा दिसतात. बाइंडरने कडा कापताना समासातली अक्षरं कापली असतील तर तिथेही टिंबच.

त्या एक रुपया दहा आण्यांच्या पुस्तकात नावापुढे एक शब्द आहे. तीन वर्षांच्या तीन वर्गांनी त्याच्या पहिल्या अक्षरापुढे टिंबच घातलंय.