तांब्याच्या जुन्या नाण्याची ग्रेड कशी ठरवायची? आधी घासून स्वच्छ करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घासू नका. तुम्ही लिहिलंय की अक्षरं स्वच्छ वाचता येतात, रंग काळपट आहे आणि एका बाजूला हिरवे ठिपके आहेत. आहे तसंच राहू द्या.

सुरुवातीला मीही एक नाणं लिंबू-मीठ लावून लख्ख केलं होतं. दोन मिनिटांत ते नव्या भांड्यासारखं गुलाबी झालं आणि मी खूश. एका जुन्या संग्राहकाने ते हातात घेतलं, जरा तिरकं केलं आणि काही न बोलता परत दिलं. झीज होती तेवढीच होती, पण वरची कातडी, म्हणजे तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर, गेली होती. ती परत येत नाही.

तांब्याच्या बाबतीत म्हणूनच दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: नाणं झिजलंय किती आणि त्याची कातडी कशी आहे.

झीज बघायला एकच दिवा आणि पाच ते दहा पटीचं भिंग पुरतं. नाणं कडेने धरा, बोटांचे ठसे तांब्यावर कायमचे उमटतात. अक्षरांवर फार विसंबू नका. ती कडेच्या आडोशाला असतात, उशिरा झिजतात. आधी झिजतात ते उंचवटे: नाण्यावर चेहरा असेल तर गाल, भुवई, कानावरचे केस. केसांच्या बटा सुट्या दिसत असतील आणि फक्त टोकं घासलेली असतील तर 'एक्स्ट्रीमली फाइन'. बटा एकमेकींत मिसळू लागल्या की 'व्हेरी फाइन', त्याहून सपाट झाल्या तर 'फाइन'. आणि 'गुड' म्हणजे चांगलं असं समजू नका, त्यात जेमतेम आकृती उरलेली असते.

एक फसवी जागा म्हणजे मुळातच कमजोर बसलेला ठसा. तोही झिजेसारखाच सपाट दिसतो. नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवा: सपाट भागाचा रंग आणि पोत आजूबाजूसारखाच असेल तर ठसा कमजोर, तोच भाग गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा दिसला तर झीज.

आता कातडी. काळपट तपकिरी रंग एकसारखा असेल तर तो दोष नाही, उलट चांगली खूण आहे. हिरव्याचं मात्र नीट बघा. गडद, घट्ट चिकटलेला थर बहुधा स्थिर असतो. फिकट हिरवी भुकटी लाकडी दातकोरणीच्या टोकाला लागून आली, तर तो कळंक (तांब्याचा हिरवा गंज) जिवंत आहे, म्हणजे अजून पसरतोय. क्लोराइड आणि दमटपणा मिळाला की तो आतवर खात जातो. असं नाणं इतरांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात तर कुठलंच नाणं नको. तेच प्लास्टिक हिरवा चिकटा सोडतं.

१ ते ७० ही प्रसिद्ध मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठीच. तिकडचे तांब्याचे संग्राहक आधी झिजेवरून आकडा देतात आणि मग खड्डे, ओरखडे, कळंक यांचे गुण कापतात. बटा ३० च्या लायकीच्या असल्या तरी खरबरीत पृष्ठभागामुळे नाणं १५ वर येऊ शकतं. मलाही हीच पद्धत पटते.

तुमच्या नाण्याचा आकडा नुसत्या वर्णनावरून सांगणार नाही. तिरक्या उजेडात दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे फोटो टाका. हिरव्या ठिपक्यांचा जवळून एक वेगळा घ्या.