स्लो कुकरमध्ये आशियाई पद्धतीचं पोर्क केलं तर कोरडं आणि पाणचट का होतं? भाज्यांच्या नूडल्स त्यातच घालायच्या का?

तुम्ही लिहिलंय की दीड किलो पोर्क, दोन कप पाणी, सोया सॉस, आलं-लसूण असं सगळं त्या विजेच्या, मंद शिजवणाऱ्या भांड्यात 'हाय'वर आठ तास ठेवलं, शेवटच्या तासाला झुकिनीच्या नूडल्स, म्हणजे नूडल्ससारखे कापलेले लांब दोरे, आत सोडल्या, आणि हाती आलं कोरडं मांस, पाण्यासारखा रस्सा आणि हिरवा लगदा. खाली एक वाक्य आहे: 'घरचे म्हणतात, स्लो कुकरमध्ये चव येतच नाही, हे खरं आहे का?' त्या वाक्यासाठी मी लिहायला बसले.

खरं नाही. हे वाक्य मी माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून अकरा वर्षं ऐकतेय.

ताईच्या हाताला चव आहे, माझ्यापेक्षा जास्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'बटण दाबणं म्हणजे स्वयंपाक नव्हे' हे तिचं म्हणणं मला आजही लागतं. माझ्या कामाच्या पाळ्या बारा तासांच्या. सकाळी साडेसहाला घर सोडायचं, रात्री आठला परत यायचं. दार उघडल्या उघडल्या चक्रीफूल आणि दालचिनीचा वास आला की पाय दुखायचे थांबतात. हे भांडं नसतं तर माझी मुलगी निम्मे दिवस पावावर राहिली असती.

ताई महिनाभर राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. मुलीचा वाढदिवस होता, आठ-दहा माणसं जेवायला येणार होती. मी पहाटे पोर्क लावलं आणि ताईला सांगून गेले की काही करायचं नाही, फक्त संध्याकाळी नूडल्स परतू. घरी आले तर रस्सा काठापर्यंत आलेला, वर चरबीचे डोळे तरंगताहेत, आणि आत गाजर-झुकिनीच्या नूडल्स विरघळून गेलेल्या. करपेल या काळजीने ताईने दर अर्ध्या तासाने झाकण उघडलं होतं, दोनदा कपभर पाणी घातलं होतं, आणि 'चव मुरू दे' म्हणून चार वाजता नूडल्स आत टाकल्या होत्या. सगळं मायेनेच केलं. पण जेवताना सगळ्यांसमोर म्हणाली, 'मशीनचं जेवण असंच लागायचं.' त्या दिवशी मी गप्प बसले, म्हणून आता सविस्तर सांगते.

तुमचं झाकण काचेचं असेल तर चालू भांड्याकडे एकदा नीट बघा. आतून थेंब धरतात, घरंगळत कडेला येतात आणि काठावर पाण्याचं एक बारीक कडं तयार होतं. त्या कड्यामुळेच झाकण बसतं आणि वाफ बाहेर जात नाही, सगळं पाणी परत आत पडतं. गॅसवरच्या पातेल्यात घातलेलं निम्मं पाणी उडून जातं, म्हणून तिथे पाणी घालावं लागतं. इथे उडतच नाही, वर मांस स्वतःचं पाणी सोडतं ते वेगळं. दीड किलोला सोया सॉस धरून अर्धा-पाऊण कप पातळ पदार्थ पुरे. सकाळी बघाल तर फार कमी वाटेल, हात पाण्याकडे जाईल. जाऊ देऊ नका. आणि झाकण एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. ताईने दिवसभरात पंधरा-वीस वेळा उघडलं असेल, म्हणजे ते मांस खऱ्या अर्थाने किती तास शिजलं ते तुम्हीच मोजा.

आता कोरडेपणा. मांसाचा कुठला भाग घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कोरडं झालं म्हणताय म्हणजे पाठीचा, बिनचरबीचा भाग असणार. तो या कामाचा नाहीच. खांदा घ्या. खांदा म्हणजे सतत राबणारा स्नायू, त्यात चरबी आणि कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. पोर्कचा अख्खा तुकडा आत ६३ अंश सेल्सिअसला पोहोचून तीन मिनिटं टेकला की खायला सुरक्षित होतो, पण त्या वेळी खांदा चामड्यासारखा चिवट असतो. कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला वेळ लागतो, आणि ९० ते ९५ अंशांच्या आसपास गेल्यावर मांस काट्याने ओढलं की दोऱ्यांसारखं सुटतं. ओठ किंचित चिकटतात ते त्या जिलेटिनमुळे. पाठीच्या भागात कोलॅजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे तेवढ्याच वेळात त्याचा भुसा होतो.

'लो' आणि 'हाय' यांत बहुतेक कुकरमध्ये शेवटचं तापमान जवळपास सारखंच असतं, उकळीच्या जरा खाली. 'लो' तिथे उशिरा पोहोचतो, एवढाच फरक. म्हणून 'हाय'वर आठ तास म्हणजे फार झालं. खांद्याला 'लो'वर आठ-नऊ तास, नाहीतर 'हाय'वर पाच-सहा.

'आशियाई' या शब्दाने मात्र काही कळत नाही. सोया, साखर आणि चक्रीफूल म्हणजे चिनी पद्धतीचं लालसर पोर्क. व्हिनेगर, लसूण, तमालपत्र, मिरी म्हणजे फिलिपिनो अडोबो. फिश सॉस, करपवलेली साखर, शहाळ्याचं पाणी म्हणजे व्हिएतनामी. एक धरा. तिन्ही बाटल्या एकाच भांड्यात ओतल्या की कशाचीच चव लागत नाही. मी पहिलं करते: चार मोठे चमचे सोया सॉस, दोन चमचे ब्राउन शुगर, दोन चमचे राइस वाइन, सहा पाकळ्या लसूण, अंगठ्याएवढं आलं, दालचिनीचा एक तुकडा, दोन चक्रीफुलं. दोनच. आठ तासांत तिसरं फूल औषधासारखं लागायला लागतं. तिळाचं तेल, लिंबू आणि पातीचा कांदा आच बंद केल्यावर. तिळाच्या तेलाचा वास इतका वेळ टिकत नाही, सकाळी घातलं तर वाया गेलं.

हे हळूहळू शिजवणं काल-परवाचं नाही, हे मी ताईला कितीदा सांगितलं असेल. सू दोंगपो हा चिनी कवी आणि अधिकारी ११व्या शतकातला. थोडं पाणी, मंद आच आणि घाई न करणं, असं पोर्क शिजवण्यावर त्याने कविता केली, आणि दोंगपो पोर्क त्याच्याच नावाने ओळखलं जातं. आयर्विंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला अशा विजेच्या भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्याच्या डोक्यात होता तो आईने सांगितलेला लिथुआनियातला घेवड्याचा पदार्थ, बेकरीच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवला जाणारा. रात्रभर भट्टीपाशी तरी कोण ढवळत बसलं होतं?

नूडल्स. झुकिनीत ९४-९५ टक्के पाणी असतं. ती बंद भांड्यात तासभर ठेवली तर लगदा होणारच, तुमचा हात चुकला असं नाही. नूडल्स काढताना मधला बियांचा मऊ भाग सोडून द्या. अर्धा किलोला अर्धा चमचा मीठ चोळा, चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ फडक्यात घेऊन पिळा. मी एकदा खाली वाटी धरली होती, अर्धी वाटी फिकट हिरवं पाणी निघालं. हेच पाणी तुमच्या रश्श्यात गेलं. पिळलेल्या नूडल्स कडकडीत तापलेल्या कढईत दीड-दोन मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. गाजर घट्ट असतं, त्याला मीठ नको, तीन-चार मिनिटं परता आणि झुकिनीच्या आधी घाला. मला सगळ्यांत आवडतो तो मुळा, रस्सा धरून ठेवतो आणि कुरकुरीत राहतो. ताटलीत नूडल्स, त्यावर मांस, त्यावर रस्सा, आणि लगेच खायला बसायचं. त्या वाट बघत नाहीत.

रस्सा वाढण्याआधी वरची चरबी काढा आणि पसरट पातेल्यात दहा मिनिटं आटवा. मीठ रस्सा आटल्यावरच चाखा, सोया सॉसमुळे तो बराच खारट होतो. कॉर्नफ्लॉवर लावायचं तर तेही शेवटी, सकाळी घातलेलं दिवसभर शिजून फुटतं आणि रस्सा पुन्हा पातळ होतो.

आता ताईचं एक म्हणणं बरोबर निघालं, तेही सांगायला हवं. ती म्हणायची, मांस आधी तव्यावर भाजून घे, मी वेळ नाही म्हणून टाळायचे. भाजल्याने खमंगपणा येतो, कारण तो तपकिरी रंग आणि वास साधारण १४० अंशांच्या पुढे नीट तयार होतो, आणि आपलं हे भांडं १००च्या वर जातच नाही. पण तिचं कारण चुकीचं आहे. 'भाजलं की रस आत कोंडतो' हा १९व्या शतकातला समज आहे. मी एकाच खांद्याचे साडेसातशे ग्रॅमचे दोन तुकडे घेतले, एक भाजून, एक तसाच, आणि शिजल्यावर वजन केलं. भाजलेला ४६५ ग्रॅम, न भाजलेला ४८०. ताई म्हणाली, तुझा काटा खराब आहे. काटा बरोबर आहे. मी आता आदल्या रात्री भाजते, फ्रिजमध्ये न ठेवता लगेच भांड्यातच घालते आणि 'लो'वर रात्रभर लावते. अर्धवट भाजलेलं मांस ठेवून देणं धोक्याचं.

गोठलेलं मांस थेट भांड्यात घालू नका, ते ५ ते ६० अंशांच्या मध्ये फार वेळ अडकतं आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आणि नूडल्स भाज्यांच्या घेताय त्या गहू चालत नाही म्हणून असतील, तर साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बाटलीवर बघून बिनगव्हाचा तामारी घ्या, तो सोया सॉसचाच एक प्रकार. चिकनचं विचारलंय: मांडीचे तुकडे, 'लो'वर चार-पाच तास, बाकी सगळं हेच.