राजकारणावरचं इंग्रजी: आधी क्रियापद

फोंडा, रविवार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. मराठीत तू म्हादई नदीच्या पाणीवादावर अर्धा तास बोलू शकतेस, पण कॉलेजच्या गटचर्चेत इंग्रजीची वेळ आली की ‘करप्शन’ आणि ‘डर्टी पॉलिटिक्स’च्या पुढे गाडी सरकत नाही, असं तू लिहिलंस. त्यासाठी तू जड शब्दांची यादी पाठ करायला घेतली आहेस. ती सध्या बाजूला ठेव आणि क्रियापदांकडे वळ. कोणी नेमकं काय केलं हे सांगणारं क्रियापद हाती लागलं की उरलेलं वाक्य जुळवणं अवघड जात नाही.

आपल्याच गोव्याच्या विधानसभेचं घे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपची वाट धरली, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी. ‘दे डिफेक्टेड’ म्हटलंस तर मतदारांशी दगा केल्याचा आरोप त्या एका शब्दात येतो. ‘दे मर्ज्ड’ म्हटलंस तर तू त्या आमदारांची बाजू मांडतेस, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरण मान्य केलं तर अपात्रतेतून सूट आहे. १५ चे दोन तृतीयांश बरोबर १०! ‘दे स्विच्ड पार्टीज’ हे त्यातल्या त्यात तटस्थ. आधी घडलेलं सांगायला ते वापर, आणि मग तुझं मत झालं असेल तर ‘डिफेक्टेड’ म्हणायला अजिबात कचरू नकोस. फक्त आपण काय म्हणतोय ते ठाऊक असू दे.

दुसऱ्याचं म्हणणं सांगतानाही हीच काळजी घे. ‘सेड’ कुठेही चालतं. ‘क्लेम्ड’मध्ये तुझी शंका डोकावते. ‘अलेज्ड’ म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. आणि ‘द मिनिस्टर अ‍ॅडमिटेड’ म्हटलंस की ती गोष्ट खरी होती हे तू स्वतःच मान्य केलंस. वादात समोरचा इथेच पकडतो.

‘डिस्कस अबाउट’ मात्र कायमचं सोड. ‘डिस्कस द बिल’, बस्स.

कर्मणी प्रयोगावर जरा जास्त लिहितो, कारण त्याची मला चीड आहे. ‘द हिल वॉज कट.’ व्याकरण निर्दोष, पण डोंगर कापला कोणी? ‘परमिशन वॉज ग्रँटेड’चंही तेच, आपल्या सरकारी मराठीतलं ‘परवानगी देण्यात आली’ याच जातीचं. कर्ता खरोखर माहीत नसेल तर हा प्रयोग योग्यच आहे. माहीत असेल तर ‘बाय’ लावून नाव घे, किंवा सरळ कर्त्यापासूनच वाक्य सुरू कर. असं वाक्य कानावर आलं की लगेच विचार, ‘बाय हूम?’ हे दोन शब्द चर्चेत फार उपयोगी पडतात.

शेवटचा धडा संकेतार्थाचा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात वेगळेपणाची निशाणी ‘दोन पानं’ जिंकली, विलीनीकरणाची निशाणी ‘फूल’ हरलं. फरक ३४,०२१ मतांचा. आपल्यासारख्या मराठी घरांत हा विषय आजही दुखरा आहे. इंग्रजीत तो असा मांडता येतो: ‘हॅड द मर्जर साइड वन, गोवा वुड हॅव बिकम पार्ट ऑफ महाराष्ट्र.’ सुरुवातीला ‘इफ’ नाही, ‘हॅड’ पुढे आला आहे. आता परिणाम आजवर आणून बघ: ‘...गोवा वुड नॉट बी अ स्टेट टुडे.’ पहिला भाग भूतकाळाचा, दुसरा वर्तमानाचा. या रचनेत कुणाला दोष न देता न घडलेल्या गोष्टीचा विचार करता येतो, म्हणून ती तोंडात बसेपर्यंत घोटून घे.

पर्वरीत विधानसभेचं अधिवेशन भरलं की प्रश्नोत्तराच्या तासाची एखादी बातमी निवड आणि तीच तीनदा लिही: एकदा सरकारच्या बाजूने, एकदा विरोधकांच्या, एकदा कोणाचीच बाजू न घेता. नावं आणि आकडे तेच ठेव, क्रियापदं तेवढी बदल. मग तिन्ही मला पाठव.

तुझा,
सर