ताईंना विचारा

प्रश्न : मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेपासून खो-खो खेळते, आता रग्बीचं खूळ डोक्यात शिरलंय. यात भविष्य आहे का? हाडं मोडतील त्याचं काय?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : खो-खोवाल्या मुलीला सूर मारणं आणि पळता पळता दिशा बदलणं आपण काय शिकवणार! तिला नव्याने शिकायचंय ते टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडणं, आणि चेंडू फक्त मागेच द्यायची सवय. पहिले काही दिवस हात सारखे पुढेच जातात.

आता पोटापाण्याचं. वाहबिझ भरुचा पुण्याची, भारताची कप्तान होती, पण पेशाने फिजिओथेरपिस्ट. २०१९ साली मनिलात भारतीय मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं; पंधराजणींच्या रग्बीतला तो आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्या संघाच्या कप्तानालाही दुसरा पेशा लागला, यातच तुमचं उत्तर आलं. बीए सोडू देऊ नका. ऑलिंपिकमध्ये २०१६पासून आहे ते सातजणींचं रग्बी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. चपळ मुलींना तेच मानवतं.

हाडांपेक्षा मला खांदा, गुडघा आणि डोक्याची काळजी वाटते. माउथगार्ड दाताच्या डॉक्टरकडून मापाचं करून घ्या. डोक्याला मार लागून भोवळ आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, प्रशिक्षक कितीही म्हणो. आणि सरावाला जाण्याआधी एकदा स्वतः जाऊन बघा : टॅकल आधी गुडघ्यावर बसून, मऊ जमिनीवर शिकवतात का? नसतील, तर दुसरा प्रशिक्षक शोधा.