घड्याळ बिघडतं उन्हाळ्यात, कळतं पावसाळ्यात

जुलै लागला की आपल्या सदरात स्मार्टवॉचचे प्रश्न येतात. कुणाची स्क्रीन आंधळी झाली, कुणाचं चार्जिंग बंद, कुणाच्या काचेआत धुकं. नागपुरात यातली बरीचशी घड्याळं पावसाने मेलेली नसतात, त्यांचं काम मे महिन्यातच झालेलं असतं, हे मी आधीच सांगून ठेवते कारण खालचं पहिलं उत्तर तिथेच येतं.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मनीषनगरला राहतो. मागच्या दिवाळीत ऑनलाइन वॉच घेतली, आयपी68 वाली, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही म्हणतात ती. मे मध्ये स्क्रीन एका कडेने उचलल्यासारखी दिसत होती, मिसेसने फोटो काढून दाखवला पण मी म्हटलं राहू दे. आता पहिल्याच पावसात गाडीवर भिजली, आतून वाफ धरली आणि बंद. सर्व्हिस सेंटरवाला म्हणून राहिला की पाणी गेलं, वॉरंटी नाही. मग आयपी68 लिहितात काहून बाप्पा?

उत्तर : दादा, तो फोटो आधी शोधा आणि जपून ठेवा, तुमचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

झालं काय असेल सांगते. आतली लिथियम बॅटरी गरमीने खराब होते, तिच्यात गॅस धरतो आणि ती फुगते. घड्याळात तिला पसरायला जागाच नसते, मग ती स्क्रीनला नाहीतर मागच्या झाकणाला आतून ढकलते, आणि ज्या गोंदावर नि सीलवर ते आयपी68 टिकून असतं ते सुटतं. म्हणजे पाणी अडवायची व्यवस्था मे मध्येच गेली, जुलैच्या पावसाला फक्त उघडं दार सापडलं. आयपी68 मधला 6 म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि 8 म्हणजे पाण्यात बुडालं तरी चालेल, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीच ठरवते, बहुतेकदा दीड मीटर, अर्धा तास, तेही साध्या स्वच्छ पाण्यात आणि नव्या घड्याळाला.

आता आपला उन्हाळा बघा. अ‍ॅपल आपल्या साध्या मॉडेल्सना वापरायला 0 ते 35 डिग्री सांगते आणि नुसतं ठेवायला 45 पर्यंत. आपल्याकडे 23 मे 2013 ला 47.9 नोंदलं गेलंय, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, 44-45 ला तर आपण बातमी पण म्हणत नाही. गंमत म्हणजे हातावर असताना घड्याळ त्या मानाने बरं असतं, कारण खाली 37 डिग्रीचं अंग असतं आणि आपण सावलीत, कूलरसमोर जात येत असतो. खरं नुकसान गाडीच्या डॅशबोर्डवर, स्कूटीच्या डिकीत, आणि खिडकीतल्या उन्हात चार्जिंगला लावून ठेवल्यावर होतं. गरम असताना चार्ज करणं तर सगळ्यात वाईट, बाहेरून आल्यावर आधी काढून ठेवा, थंड होऊ द्या, मगच चार्जर.

एक गोष्ट कळकळीने सांगते, उचललेली स्क्रीन बोटाने दाबून परत बसवू नका, फेविक्विक पण नको, आणि आता ते चालू होतंय का बघायला चार्जिंगला तर अजिबात लावू नका. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेऊ शकते. तांदळाच्या डब्यातही नको, त्याने फायदा होत नाही, वर बारीक भुकटी फटीत जाते.

वॉरंटीचं असं करा. सेंटरवाल्याला तोंडी सांगू नका, लेखी द्या की बॅटरी फुगून स्क्रीन मे मध्येच उचलली होती, हा तारखेचा फोटो, पाणी नंतर गेलं, मूळ दोष बॅटरीचा. जॉबशीटवर, म्हणजे घड्याळ दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर, ते काय लिहितात ते वाचूनच सही करा, नुसतं 'वॉटर डॅमेज' लिहिलं असेल तर तुमचं म्हणणं खाली लिहायला लावा. ते घड्याळ ठेवून घेत असतील तर सगळ्या बाजूंनी फोटो काढून मगच द्या. नाही ऐकलं तर 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तक्रार नंबर मिळतो आणि बऱ्याच कंपन्या तिथून फोन गेला की बोलायला लागतात. त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करू शकता, विकणारा बंगलोरचा असो की गुडगावचा, वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही भरता येते. मुदत मात्र 2 वर्षं. रकमेकडे बघून लोक सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण सोडून देणारे जास्त म्हणूनच पहिलं उत्तर 'वॉरंटी नाही' असं येतं.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्टला जातो. वॉच कधी चार्ज होते कधी नाही, मागच्या दोन पिना काळ्या-हिरव्या झाल्या. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुतेक नाही. हे घामाचं मीठ आहे. शिफ्टवरून आलो, काढली, तशीच ओली चार्जरला चिकटवली, असं रोज झालं की त्या ओल्या मिठातून करंट जातो आणि पिनेवरचा सोनेरी मुलामा खाऊन टाकतो. घड्याळ बंद करा, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, मऊ टूथब्रशवर थोडंसं लावून हलक्या हाताने पिना घासा, दोन्हीकडच्या, केबलच्या पण. ब्लेड आणि पॉलिश पेपर नको, उरलासुरला मुलामाही निघून जाईल. केबलच्या पिना बोटाने दाबून बघा, एखादी आत अडकून बसली असेल तर दोष केबलचा आहे, मित्राची सेम मॉडेलची लावून बघितली की लगेच कळतं. आणि अगदीच मेलेलं वाटलं तरी अर्धा तास चार्जरवर राहू द्या, मग बटण 10-15 सेकंद दाबून धरा, पूर्ण उतरलेली बॅटरी स्क्रीनवर काही दाखवायलाच वेळ घेते. अ‍ॅडॅप्टर मोबाइलचा मोठा फास्टवाला नको, मॅन्युअलमध्ये बहुतेकदा 5 व्होल्ट 1 अँपिअर लिहिलेलं असतं, तोच वापरा.

प्रश्न : मुलाने यांना 5 एटीएमचं घड्याळ पाठवलं. हे सकाळी पोहायला जातात आणि येऊन गीझरच्या गरम पाण्याने आंघोळ, सगळं घड्याळ घालूनच. मी म्हणते काढा, हे म्हणतात 50 मीटरचं आहे. तुम्हीच सांगा. (धरमपेठ)

उत्तर : काकू, पोहण्याचं काका बरोबर, आंघोळीचं तुम्ही. 5 एटीएम म्हणजेच 50 मीटर, म्हणजे तेवढ्या खोल पाण्याच्या स्थिर दाबाएवढी चाचणी, खरंच 50 मीटर खाली जायला नाही, पण तलावातल्या साध्या पोहण्याला चालतं. गरम पाणी आणि वाफ वेगळी गोष्ट आहे, साबणाचं पाणी तर बारीक फटीतून जास्तच आत शिरतं, आणि सील गरम-गार होऊन हळूहळू कडक होतं, कुकरची रिंग जुनी झाली की शिटीऐवजी कडेने वाफ सोडते ना, तसंच. पोहून आल्यावर साध्या नळाच्या पाण्यात खळबळून पुसायचं, क्लोरीन निघून जातं. आणि काकांना सांगा की ते थेंबाचं चिन्ह असलेलं वॉटर लॉक फक्त टच बंद करतं, काही घड्याळांत नंतर स्पीकरमधलं पाणी बाहेर काढतं, पाणी आत जाणं ते थांबवत नाही.

प्रश्न : दीड हजाराची वॉच, स्क्रीन फुटली. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एक जण बदलून देतो म्हणतो. करू का?

उत्तर : खर्च निम्म्याच्या वर जात असेल तर नको, कारण बॅटरी तीच जुनी राहणार. केलंच तर त्याला विचारा की नवीन गोंद-सील लावणार का, आणि काही म्हणाला तरी यापुढे ते घड्याळ पावसात नेऊ नका, एकदा उघडलं की आयपी संपलं समजायचं. पट्टा तुटला किंवा पट्ट्याची स्प्रिंगवाली पिन गेली तर मात्र बिनधास्त बदला, ते स्वस्तात होतं. टाकायचंच ठरलं तर कचरागाडीत नको, गाडीत दाबलं गेलं की त्या बॅटरीने आग लागू शकते. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपनीची आहे, त्यांच्या वेबसाइटवर कलेक्शन सेंटरचा पत्ता बघा आणि तिथे द्या, तोवर घरात उन्हापासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा.