रणांगणावरची वस्तू परत करताना

युद्धात वापरलेल्या जुन्या वस्तू घरात सापडल्या, आता त्या जिथल्या तिथे पोहोचवायच्या आहेत, अशा आशयाची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतल्या पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्याकडे एका जुन्या रणांगणावरून उचलून आणलेल्या शिशाच्या चार गोळ्या आणि एक पितळी बटण आहे. तिथे जाऊन त्या गुपचूप पुरून याव्यात, असे मनात आहे. योग्य ठरेल का?

उत्तर : भावना चांगली आहे, पण कृपया असे करू नका. रणांगणावरची वस्तू काही सांगते ती मुख्यतः ती जिथे पडली त्या जागेमुळे. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे जून १८७६ मध्ये लढाई झाली. १९८३ च्या वणव्यात तिथले गवत जळून जमीन उघडी पडली आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञ मेटल डिटेक्टर घेऊन त्या माळावर एका ओळीत चालले. काही सापडले की तिथे छोटे निशाण रोवायचे, जागा मोजून नकाशावर घ्यायची आणि मगच वस्तू उचलायची, अशी त्यांची रीत होती. बंदुकीची पिन काडतुसाच्या बुडावर आपला ठसा उमटवते, आणि हा ठसा प्रत्येक बंदुकीचा वेगळा असतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर अमुक दोन ठिकाणच्या रिकाम्या पुंगळ्या एकाच बंदुकीतल्या आहेत हे कळले आणि ती बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली, याचा माग लागला.

अशा जमिनीत तुम्ही अंदाजाने चार गोळ्या पुरल्या, तर उद्याच्या अभ्यासकापुढे तुम्ही खोटा साक्षीदार उभा करता. शिवाय संरक्षित रणांगणावर खणणे, मग ते काढण्यासाठी असो वा ठेवण्यासाठी, अनेक देशांत गुन्हा ठरू शकते. अमेरिकेतल्याच पेट्रिफाइड फॉरेस्ट या उद्यानात लोक पश्चात्तापाने अश्मीभूत लाकडाचे तुकडे परत पाठवतात. मूळ जागा माहीत नसल्याने ते पुन्हा रानात ठेवता येत नाहीत आणि एका बाजूला त्यांचा ढीग साचत जातो. तुमच्या गोळ्या जमिनीत नव्हे, रणांगणाची देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडे द्या, आणि जाण्यापूर्वी पत्र लिहा.

प्रश्न : संग्रहालयाला विचारले, तर त्यांनी वस्तूपेक्षा कागदांचीच चौकशी केली. हा निव्वळ सरकारी खाक्या नव्हे का?

उत्तर : नाही. १९१९ मध्ये युद्धाचे इतिहासकार चार्ल्स बीन ऑस्ट्रेलियाच्या वतीने तुर्कस्तानातल्या गॅलिपोली या पहिल्या महायुद्धातल्या रणांगणावर पुन्हा गेले, ते लढाईनंतर तीन-चार वर्षांनी. त्यांच्या पथकाने वस्तू गोळा केल्याच, पण त्याबरोबर जमीन पायाखाली घालून कोण कुठपर्यंत पोहोचले होते याची नोंदही केली. कॅनबेरातील युद्धस्मारकाच्या संग्रहाला त्या कष्टांमुळे वजन आले. तुम्हीही एका कागदावर लिहा : वस्तू कोणी उचलली, कोणत्या साली, ओढ्याकाठी की टेकडीवर, आणि हे तुम्हाला कोणी सांगितले. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असेच लिहा. पदरची भर घातलेली हकिकत कोऱ्या कागदापेक्षा वाईट. जुनी चिठ्ठी, पाकीट, डबीवरचे अक्षर यांतले काहीही फेकू नका. संग्रहालये बहुधा विनाअट दानच स्वीकारतात, ‘कायम काचेतच ठेवा’ अशी अट मानत नाहीत. एकसारख्या शेकडो गोळ्या आधीच असतील, तर ती नकारही देतात; त्याचा राग धरू नये.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात एक जुना तोफगोळा आहे. विमानाने नेता येईल का?

उत्तर : त्याला हात लावू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा. ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ हा युक्तिवाद ऐकून मी थकलो आहे. २००८ मध्ये अमेरिकेत यादवी युद्धातला गोळा साफ करताना एक अनुभवी संग्राहक ठार झाला, आणि तो गोळा १४० वर्षांहून जुना होता. २०१४ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धातल्या गोळ्याने दोन बांधकाम कामगारांचा बळी घेतला. गोळा निकामी आहे की नाही, हे फक्त बॉम्बनाशक पथक ठरवू शकते.

प्रश्न : देण्यापूर्वी वस्तू स्वच्छ करावी का?

उत्तर : करू नये. पितळी बटण घासले की उरलासुरला मुलामा जातो आणि मागच्या बाजूला कोरलेले कारखान्याचे नाव पुसट होते; नेमक्या त्याच नावावरून बटणाचा काळ ठरतो. जमिनीतून निघालेल्या लोखंडात क्षार मुरलेले असतात. दमट हवेत त्यावर नारिंगी थेंब फुटतात आणि पापुद्रे सुटतात. त्याला तेल किंवा सँडपेपर न लावता ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शिशाच्या गोळीचा शत्रू तर घरातले देखणे लाकडी कपाटच असते. ओकसारख्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि गोळीवर पांढरी भुकटी चढते. ही भुकटी विषारी आहे. ती झटकू किंवा फुंकू नका. हातमोजे घालून गोळी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि लाकडापासून दूर करा.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातला, सह्यांनी भरलेला एक जपानी ध्वज आमच्याकडे आहे. तो पॅसिफिकमधल्या ज्या बेटावर मिळाला, तिथे नेऊन द्यावा का?

उत्तर : इथे माझे मत वेगळे आहे. असा ध्वज रणांगणाचा नसतो, घराचा असतो. आघाडीवर निघालेल्या तरुणाला आप्तेष्ट आणि शेजारी त्यावर सह्या करून देत. ठळक अक्षरांतली चार चिन्हे बहुतेकदा नाव नसतात. ‘युद्धात दैव दीर्घकाळ साथ देवो’ अशी ती शुभेच्छा असते. सैनिकाचे नाव इतरत्र शोधावे लागते. ध्वज धुऊ नका, इस्त्री करू नका, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे काढा. अमेरिकेतील ओबोन सोसायटी ही संस्था त्यावरून कुटुंबाचा शोध घेते. २०१७ मध्ये ९३ वर्षांचा एक माजी अमेरिकी मरीन सैनिक पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर १९४४ मध्ये घेतलेला ध्वज द्यायला स्वतः जपानमधल्या खेड्यात गेला. मृत सैनिकाच्या वृद्ध भावाने तो हातात घेतला आणि चेहऱ्याशी नेऊन त्याचा वास घेतला.