कॅलिफोर्नियात करारात लवादाचं कलम असेल, तर फसवी जाहिरात कोर्टातून बंद करून घेता येते का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जिमने ‘केव्हाही सोडा, दंड नाही’ अशी जाहिरात केली, सोडताना मात्र कार्डावरून पैसे कापले आणि आता करारातल्या लवादाच्या (म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाने सोडवायचा) कलमाकडे बोट दाखवतात. तुम्हाला ती जाहिरातच बंद व्हायला हवी आहे.

बहुतेक वेळा हे जमतं. मी कॅलिफोर्नियात ग्राहकांचे दावे लढवणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात काम करते. लवादाचं कलम दिसलं की लोक तिथेच हातपाय गाळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या कामाचा निकाल म्हणजे ‘मॅकगिल विरुद्ध सिटीबँक’, कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्ट, ६ एप्रिल २०१७. नोकरी गेली तर कार्डाच्या बिलाला आधार देणाऱ्या योजनेची जाहिरात फसवी होती, असा तो दावा. लवादाचं कलम बँकेने २००१ मध्ये अटी बदलल्याची सूचना पाठवून घातलं होतं. त्यात लिहिलं होतं की वाद लवादाकडेच जाईल आणि लवाद दिलासा देईल तो फक्त त्या एका ग्राहकापुरता. म्हणजे सगळ्या जनतेसाठी मनाई हुकूम, म्हणजे ‘हे थांबवा’ असा आदेश, ना कोर्टात मागता येणार, ना लवादापुढे. कोर्टाने एकमताने सांगितलं की हा हक्क असा सगळीकडूनच काढून घेता येत नाही. आधार कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेच्या कलम ३५१३ चा: लोकहितासाठी केलेला कायदा दोघांच्या खासगी कराराने मोडता येत नाही. अमेरिकेचा केंद्रीय लवाद कायदा आड येतो हा कंपन्यांचा मुद्दा नवव्या सर्किटनेही (कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टानेही) २०१९ मध्ये ‘ब्लेअर विरुद्ध रेंट-अ-सेंटर’मध्ये फेटाळला.

आता करार काढा आणि लवादाच्या कलमाची शेवटची वाक्यं नीट वाचा. लवादाला असा हुकूम देण्याची मुभा ठेवली असेल, तर मॅकगिलचा उपयोग नाही, लवादापुढेच जावं लागेल. मुभा नसेल, तर पुढचं वाक्य महत्त्वाचं. काही करारांत ‘ही अट टिकली नाही तर लवादाचं सगळं कलमच रद्द’ असं असतं, काहींत फक्त मनाईची मागणी कोर्टात जाते आणि पैशाचा वाद लवादाकडे राहतो.

खरी खडाजंगी ‘सार्वजनिक’, म्हणजे सगळ्या जनतेसाठीची, मागणी कशाला म्हणायचं यावर होते. २०२१ मध्ये ‘हॉजेस विरुद्ध कॉमकास्ट’मध्ये नवव्या सर्किटने म्हटलं की फायदा फक्त कंपनीच्या ग्राहकांना होणार असेल, तर ती मागणी सार्वजनिक नव्हे. म्हणून ‘सभासदांचे पैसे कापणं थांबवा’ एवढ्यावर थांबू नका. अजून सभासद न झालेल्या माणसालाही जी दिसते, ती जाहिरात थांबवा, असंच मागा. राज्याची अपील कोर्टं याबाबत जास्त उदार आहेत.

(भारतात हे सोपं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या ‘एमार एमजीएफ’ निकालानंतर लवादाचं कलम असूनही ग्राहक आयोगाकडे जाता येतं.)

कॅलिफोर्नियात मतदारांनी २००४ मध्ये मंजूर केलेल्या प्रपोझिशन ६४ पासून अनुचित स्पर्धा कायद्याखाली, म्हणजे कलम १७२०० खाली, दावा करायला स्वतःचे पैसे किंवा मालमत्ता गेलेली असावी लागते. तुमचे गेले आहेत, तेव्हा कार्डाचं स्टेटमेंट आणि जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. या कायद्याखाली दाव्याची मुदत चार वर्षं आहे. नावगाव काढून ते कलम इथे टाका, मी वाचून सांगते.